दानत व्यवसायावरून ओळखता येते का?

एखाद्याचा पेशा कळला की त्याच्या दानतीबद्दलचा अंदाज आपण मनातल्या मनात बांधून मोकळे होतो. शिक्षिका म्हटलं की मनाने मोठी, नर्स म्हटलं की सेवाभावी, व्यापारी म्हटलं की हिशेबी, बँकवाला म्हटलं की पैशाला पैसा जोडणारा. वर्गणीसाठी आधी कुणाच्या दारी जायचं, हेही या अंदाजांवरच ठरतं, आणि कधीकधी अख्ख्या पेशाच्या माथी चिकटपणाचा शिक्का बसतो. म्हणून यात खरं किती, हे नीट पाहायला हवं. गेली चाळीसेक वर्षं अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रातले संशोधक या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांना फरक सापडले आहेत. पण पेशाच्या पाटीपेक्षा काम कसं केलं जातं, हाताशी वेळ किती आहे आणि आपण औदार्य नेमकं कुठे मोजतो, यांवर त्या फरकांची भिस्त जास्त आहे.

आधी मोजमापाचं पाहू. ‘तुम्ही किती दान करता?’ असं विचारलं तर माणूस थोडं वाढवून सांगण्याचीच शक्यता जास्त. म्हणून संशोधक खऱ्या पैशांचा खेळ मांडतात. त्यातला सगळ्यात रुळलेला म्हणजे ‘डिक्टेटर गेम’. दोन माणसं, एकमेकांना अनोळखी. एकाच्या हाती काही रक्कम ठेवतात आणि सांगतात: यातले हवे तेवढे समोरच्याला द्या, उरतील ते तुमचे. समोरच्याला नकार द्यायची सोय नाही, घासाघीस नाही, नंतर भेट नाही. सगळी रक्कम खिशात घालून निघून गेलं तरी कुणी जाब विचारणार नाही. निव्वळ स्वतःचं पाहणारा माणूस इथे एक छदामही सोडणार नाही.

क्रिस्टोफ एंगेल यांनी 2011 मध्ये अशा शंभराहून जास्त अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. लोक सरासरी 28 टक्के रक्कम समोरच्याला देतात, असं त्यात निघालं. पण सरासरीच्या आत डोकावलं की चित्र पालटतं. साधारण 36 टक्के लोक काहीच देत नाहीत आणि सुमारे 17 टक्के लोक बरोबर निम्मं देतात. म्हणजे कुठल्याही पेशाचं नाव घेण्याआधीच माणसामाणसांतला फरक प्रचंड आहे. एकाच खोलीत शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांमध्ये दोन पेशांच्या सरासरीपेक्षा कितीतरी मोठं अंतर असू शकतं. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या, कारण पेशांची तुलना म्हणजे शेवटी सरासरींची तुलना.

या विषयात सगळ्यात जास्त झोडपले गेलेले लोक म्हणजे अर्थशास्त्रज्ञ. सुरुवात झाली 1981 मध्ये. जेराल्ड मारवेल आणि रूथ एम्स यांनी सामाईक निधीचा खेळ मांडला. प्रत्येकाला ठरावीक रक्कम मिळते. ती स्वतःच्या खात्यात ठेवायची की सामाईक निधीत टाकायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. निधीत टाकलेला पैसा वाढतो आणि सगळ्यांत वाटला जातो, न टाकणाऱ्यालाही. इतर गटांतल्या लोकांनी सरासरी 49 टक्के रक्कम निधीत टाकली. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी टाकली फक्त 20 टक्के. मग 1993 मध्ये रॉबर्ट फ्रँक, थॉमस गिलोविच आणि डेनिस रीगन यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांना त्यांच्या दानधर्माबद्दल विचारलं. कुठल्याही संस्थेला एक डॉलरही देत नाही, असं सांगणारे अर्थशास्त्रात 9.3 टक्के निघाले. बाकीच्या विद्याशाखांत हे प्रमाण 1.1 ते 4.2 टक्क्यांच्या दरम्यान होतं. झालं, ‘अर्थशास्त्र शिकलं की माणूस स्वार्थी होतो’ हे वाक्य तेव्हापासून फिरतं आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. 1996 मध्ये अँथनी येझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळ सोडून खरी परिस्थिती उभी केली. वर्गात पाकिटं ‘विसरून’ ठेवली. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि तिकीट, आत 10 डॉलर, आणि उसने घेतलेले पैसे परत करतो आहे अशी चिठ्ठी. सापडणाऱ्याने पाकीट बंद करून टपालपेटीत टाकायचं की पैसे काढून घ्यायचे, पाहणारं कुणीच नाही. अर्थशास्त्राच्या वर्गांत ठेवलेली 56 टक्के पाकिटं पैशांसकट पोचली. इतर विषयांच्या वर्गांतली पोचली 31 टक्के. 1999 मध्ये डेव्हिड लाबँड आणि रिचर्ड बील यांनी व्यावसायिक संघटनांच्या वर्गणीचा अभ्यास केला. ही वर्गणी उत्पन्नानुसार ठरायची आणि उत्पन्न किती ते सभासदाने स्वतःच सांगायचं, पडताळणी नाही. समाजशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञांच्या तुलनेत अर्थशास्त्रज्ञांनी इथे जास्त प्रामाणिकपणे पैसे भरले होते.

पाकीट परत करणं आणि दान देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण इतके उलटसुलट निकाल येतात तेव्हा मला वाटतं की खेळाचीच झडती घ्यायला हवी. सामाईक निधीचा खेळ अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असतो, त्याचं ‘बरोबर उत्तर’ शिकवलेलं असतं. तो समोर आला की विद्यार्थी गणित सोडवायला बसतो. त्या क्षणी त्याने गणित सोडवलं, म्हणून तो अडीअडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडे पाठ फिरवेल, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. दोन पेशांत फरक दिसला, असं धरून चालू. तो आला कुठून? एक शक्यता अशी की विशिष्ट स्वभावाची माणसं विशिष्ट पेशाकडे ओढली जातात, म्हणजे फरक दारातून आत येतानाच असतो. दुसरी अशी की रोजचं काम माणसाला हळूहळू घडवतं. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून त्यांची गल्लत होते. ती सोडवायची तर माणसाला पेशात शिरण्याआधी आणि शिरल्यानंतर, असं दोन्ही वेळा पाहावं लागतं.

झुरिक विद्यापीठात हे जमलं. तिथे प्रत्येक सत्राच्या नोंदणीवेळी विद्यार्थ्यांना दोन निधींना पैसे देणार का, असं विचारलं जायचं. गरजू विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या निधीला 7 फ्रँक आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला 5 फ्रँक. देणं ऐच्छिक होतं आणि प्रत्येक उत्तराची नोंद राहायची. ब्रूनो फ्राय आणि श्टेफान मायर यांनी या नोंदी चाळल्या. व्यवसाय व्यवस्थापनाकडे जाणारे विद्यार्थी कमी देत होते, पण ते पहिल्या दिवसापासूनच कमी देत होते. पुढच्या शिक्षणाने त्यात भर पडल्याचं दिसलं नाही. म्हणजे अभ्यासक्रमाने बिघडवलं, हा आरोप इथे टिकला नाही. फरक दारातूनच आत आला होता.

मग एखादा पेशा नेहमी एकाच प्रकारच्या माणसांना ओढतो का? तसंही नाही. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळुरूच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात (2017) परोपकाराकडे कल असलेले विद्यार्थी सरकारी नोकरीला कमी पसंती देताना दिसले, आणि फाशांच्या खेळात आकडे फुगवून सांगणारे जास्त. डेन्मार्कमध्ये दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं उलटं निघालं. तिथे प्रामाणिक विद्यार्थी सरकारी सेवेकडे वळत होते, पैशाची ओढ असलेले खासगी क्षेत्राकडे. नोकरीचं नाव एकच, पण त्या नोकरीतून काय मिळतं याची त्या त्या समाजातली समजूत वेगळी, म्हणून तिच्याकडे येणारी माणसंही वेगळी. ‘सरकारी कर्मचारी असेच असतात’ असं जगभरासाठी एक वाक्य म्हणताच येणार नाही.

काम माणसाला घडवतं, याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या मच्छीमारांचा आहे. उरी नीझी, आंद्रेआस लाइबब्रांट आणि जॉन लिस्ट यांनी जवळजवळच्या दोन मच्छीमार समाजांत काम केलं. एक समुद्राकाठी, दुसरा तळ्याकाठी. पेशा अगदी तोच, मासे धरणं. फरक पाण्याचा. तळ्याचं पाणी शांत, त्यामुळे छोट्या होडीतून एकटा माणूस जाळं टाकून येतो. मिळालं ते त्याचं, नाही मिळालं तर नुकसानही त्याचंच. समुद्रात हे चालत नाही. लाटांना तोंड द्यायला मोठी होडी लागते, जड साहित्य लागतं आणि ते ओढायला माणसं लागतात. कोण कधी जोर लावतो, कोण अंग चोरतो, हे होडीतल्या सगळ्यांना दिसतं. एकाने हात सैल सोडला तर बाकीच्यांचा दिवस वाया जातो.

या दोन्ही समाजांत खऱ्या पैशांचे खेळ मांडले, तेव्हा समुद्रावरचे मच्छीमार दुसऱ्यावर जास्त विश्वास टाकताना आणि सामाईक निधीला जास्त हातभार लावताना दिसले. त्याच संशोधकांचा 2013 चा आणखी एक अभ्यास आहे, चढाओढीच्या वृत्तीबद्दलचा. त्यात तळ्यावरचे मच्छीमार जास्त चढाओढ करणारे निघाले, आणि हा फरक कामाच्या अनुभवाबरोबर उमटत गेलेला होता. स्वभाव पाहून माणसाने समुद्र किंवा तळं निवडलं, असं म्हणायला इथे फारशी जागा नाही. माणूस जिथे जन्मतो तिथलंच पाणी त्याच्या वाट्याला येतं. मग रोज एकट्याने जायचं की गटाने, यातून त्याची वागण्याची रीत घडत जाते.

याच धाग्याचं दुसरं टोक इंडोनेशियातल्या लामालेरा गावात सापडतं. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या 15 लहान समाजांत वाटणीचा खेळ मांडला होता. डिक्टेटर गेमपेक्षा हा थोडा वेगळा, कारण यात समोरच्याला वाटणी नाकारता येते आणि त्याने नाकारली तर दोघांनाही काही मिळत नाही. लामालेराचे लोक मोठ्या होड्यांतून गटाने देवमाशाची शिकार करतात आणि ठरलेल्या रिवाजाने त्याचे वाटे पाडतात. त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त, सुमारे 58 टक्के, समोरच्याला देऊ केले. पेरूमधल्या मचिगेंगा लोकांचं काम बहुतेक कुटुंबापुरतं चालतं. त्यांनी देऊ केले 26 टक्के. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जे समाज बाजाराच्या व्यवहारात जास्त गुंतलेले होते, त्यांची वाटणी साधारणपणे जास्त समसमान होती. खरेदी-विक्रीत मुरलेला माणूस हात आखडता घेतो, ही आपली समजूत यामुळे बरीच ढिली पडते. रोज अनोळखी माणसाशी व्यवहार करणाऱ्याला, समोरच्याला वाजवी वाटेल असं द्यावं लागतं, हे अनुभवानेच कळत असावं.

तरीही पेशावर फार भार टाकू नये, यासाठी एक जुना प्रयोग सांगायलाच हवा. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला हा प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणारे विद्यार्थी पुढे धर्मसेवेत जाणारे, म्हणजे परोपकाराच्या पेशाचे उमेदवार म्हणावेत असे. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला: रस्त्यात जखमी पडलेल्या वाटसरूला टाळून याजक बाजूने निघून जातो आणि परका माणूस मदत करतो, तीच ती गोष्ट. वाटेत एका बोळात एक माणूस दाराशी कोसळून बसलेला, खोकत, विव्हळत. तो प्रयोगाचाच भाग होता, पण विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हतं.

निघताना काहींना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे. त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी 45 टक्के थांबले. ‘उशीर झालाय, ते तुमची वाट पाहताहेत’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी थांबले अवघे 10 टक्के. भाषणाचा विषय कुठला, याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. त्या दाखल्यावर बोलायला निघालेल्या काहींनी तर त्या माणसाला ओलांडूनच पुढे पाऊल टाकलं. माणसं तीच, शिक्षण तेच, श्रद्धा तीच. फरक फक्त काही मिनिटांचा.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. काही पेशे म्हणजे कायमची घाई असते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पळणारी नर्स, पोचवायच्या सामानाची यादी डोक्यात घेऊन गाडी चालवणारा चालक, मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागणारा कर्मचारी. यांच्या वागण्यात कोरडेपणा दिसला तर तो त्यांच्या वेळापत्रकाचा असू शकतो, हे आपण फार क्वचित ध्यानात घेतो.

वेळेचं जे, तेच पैशाचं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात जेम्स अँड्रियोनी आणि सहकाऱ्यांनी श्रीमंत आणि गरीब घरांच्या टपालपेट्यांत दुसऱ्याच्या नावाची, पैसे असलेली पाकिटं ‘चुकून’ टाकली. श्रीमंत घरांतून जास्त पाकिटं परत आली. पण पैशाची चणचण आणि तिचा ताण हिशेबात धरल्यावर, मुळात कुणाचं मन लहान आहे असं दिसलं नाही. पेशांची तुलना करताना पगार, वय, शिक्षण हे सगळं पेशाला चिकटूनच येतं. ते वेगळं न काढता ‘अमुक व्यवसायातले लोक जास्त देतात’ असं छापणाऱ्या याद्यांवर विश्वास ठेवू नये.

आणि आता तो मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. औदार्य आपण जवळजवळ नेहमी पावतीवर मोजतो, म्हणजे पैशात आणि कामाच्या वेळेबाहेर. ज्यांचं औदार्य कामातच खर्ची पडतं, ते या मोजणीत कुठे दिसणार?

नेदरलँड्समध्येच एका मोठ्या सर्वेक्षणात भाग घेणाऱ्यांना बक्षीस देताना तीन पर्याय ठेवले होते: खरेदीचं कुपन, लॉटरीचं तिकीट, किंवा तेवढी रक्कम एखाद्या सेवाभावी संस्थेला देणगी. मार्गरेटा बुरमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याचं विश्लेषण मांडलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातले सरकारी क्षेत्रातले कर्मचारी खासगी क्षेत्रातल्यांपेक्षा देणगीचा पर्याय जास्त निवडत होते. नोकरीची वर्षं वाढली तसा हा फरक मिटला आणि मग उलटा झाला. सरधोपट निष्कर्ष निघतो: सरकारी नोकरी माणसाचं मन कोरडं करते. पण संशोधकांनी कारणंही विचारली होती. देणगी न देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की आम्ही रोजच्या कामातून, तेही कमी पगारावर, समाजाला पुरेसं देतोच आहोत. हे उत्तर पळवाट म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. मला ते झटकता येत नाही. कमी पगार स्वीकारून वर्षानुवर्षं लोकांसाठी राबणारा माणूस दर महिन्याला काहीतरी सोडून देत असतो, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

डेव्हिड ह्यूस्टन यांचा 2006 चा अमेरिकेतल्या आकडेवारीवरचा अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. सरकारी कर्मचारी खासगी नोकरदारांपेक्षा रक्तदान आणि स्वयंसेवा जास्त करताना दिसले. पैशाच्या दानात मात्र फरक नव्हता. समजा, त्यांनी फक्त पैशाचाच प्रश्न विचारला असता, तर ‘पेशाने काही फरक पडत नाही’ असं लिहून विषय संपवावा लागला असता.

कामाच्या आतलं औदार्य मोजायचे प्रयत्न अलीकडे होऊ लागले आहेत, आणि ते डॉक्टरांबाबत झाले आहेत हे विशेष. टांझानियात डॉक्टरांबरोबर वाटणीचे खेळ मांडले आणि दवाखान्यातलं त्यांचं कामही पाहिलं. खेळात सढळ हाताने देणारे डॉक्टर रुग्णाची विचारपूस आणि तपासणी जास्त नीट करत होते. अमेरिकेत 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 250 डॉक्टरांना खऱ्या पैशांचा असाच खेळ दिला गेला. त्यातले 45 जण परोपकारी गटात बसले. मग त्यांच्याकडे जाणाऱ्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. या 45 जणांच्या रुग्णांना टाळता येण्याजोग्या कारणांसाठी इस्पितळात भरती होण्याची वेळ कमी आली, तातडीच्या विभागात धावावं लागण्याची वेळ कमी आली, आणि उपचारांचा खर्चही सुमारे 9 टक्क्यांनी कमी होता. पेशा एकच, पदवीही तीच. तरी एकाच्या दारातून रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि दुसऱ्याच्या दारातून इस्पितळात, यात डॉक्टरच्या दानतीचा काही वाटा दिसतो आहे. शिक्षक, नर्स, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, बसचालक यांच्या कामाबाबत अशी मोजणी अजून फार कमी झाली आहे. ती व्हायला हवी, कारण त्यांच्या औदार्याचा फायदा ज्यांना मिळतो ती माणसं कुठल्याही देणगीच्या यादीत सापडत नाहीत.